अनामिकेवर उडणारे जीव

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सातवीतल्या एका मुलाने रुमालात गुंडाळलेला दगड आमच्या टेबलावर आणून ठेवला. खालापूरला मामूकडे गेला असताना पाताळगंगेच्या पात्रात तो त्याला सापडला होता. दगडाच्या सपाट बाजूवर काळसर, नाजूक नक्षी होती. अगदी नेच्याच्या पानासारखी.

"सर, डायनासोरच्या वेळचं पान आहे ना हे?"

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान हा आमचा विषय नव्हे. पण मुलाचा चेहरा इतका उजळलेला होता, की आम्ही ताबडतोब म्हणून टाकले, "शाबास! जीवाश्मच दिसतोय." शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो दगड ठेवला. खाली दोन्ही भाषांत ठळक अक्षरांत 'जीवाश्म' अशी चिठ्ठीही आम्हीच लिहिली. प्रदर्शन पाहायला आलेल्या भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी दगड हातात घेतला, भिंग लावले आणि आम्हाला बाजूला नेऊन हळूच सांगितले, "हे पान नाही. दगडाच्या फटीत मँगनीजचे पाणी झिरपते आणि वाळताना अशी फांद्याफांद्यांची नक्षी उमटते."

चूक आमची, पण मान खाली गेली त्या मुलाची. संध्याकाळी दगड परत रुमालात बांधताना त्याने विचारले, "सर, मग आपल्याकडे तेव्हा काहीच नव्हतं का? उडणारे सरडेसुद्धा नव्हते?"

या वेळी आम्ही लगेच उत्तर दिले नाही. चार महिने वाचले, विचारले, आणि मग त्याला सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी आपल्या पायाखालच्या दगडाबद्दल. माथेरानचा डोंगर, इर्शाळगड, कोंडाण्याची लेणी ज्यात कोरली तो कडा, हा सगळा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. जमिनीला भेगा पडून तो थरावर थर असा पसरला, त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. उकळत्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. दोन थरांच्या मध्ये कुठे तळे साचले, गाळ बसला, तरच काही उरते. मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आहेत. त्या मुलाला हव्या असलेल्या उडणाऱ्या सरड्यांचा ज्युरासिक काळ मात्र याहून फार जुना, साधारण २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळची कर्जत-खालापूरची जमीन असलीच, तर या लाव्हाच्या खाली गाडलेली आहे. म्हणजे 'काहीच नव्हतं' असे म्हणता येत नाही. 'आपल्या हाताला काही लागत नाही' एवढेच म्हणता येते. या दोन वाक्यांत फरक आहे, आणि पुढची सारी गोष्ट त्या फरकाचीच आहे.

या उडणाऱ्या जीवांना शास्त्रज्ञ टेरोसॉर म्हणतात. ते डायनासोर नव्हेत, त्यांचे चुलतभाऊ म्हणा. पक्ष्यांचे पूर्वजही नव्हेत. त्यांचा पंख कसा होता हे समजायला आपला हात पुढे धरा. वटवाघळाचा पंख चार लांब बोटांवर ताणलेला असतो, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तसा. टेरोसॉरचा सारा पंख एकाच बोटावर पेललेला होता. अंगठ्यापासून मोजले तर चौथे बोट, आपली अनामिका. ते बोट हातभर लांब झालेले, आणि त्याच्या टोकापासून अंगापर्यंत कातडीचा पडदा. बाकीची तीन बोटे लहान आणि नखांची. करंगळी नाहीच. वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा पुढची दहा मिनिटे सगळी मुले अनामिका ताणून हात हलवत होती.

टेरोसॉर म्हटले की सिनेमातले विमानाएवढे अक्राळविक्राळ प्राणी डोळ्यांपुढे येतात. तेवढे मोठे टेरोसॉर नंतरच्या काळातले. ज्युरासिकमधले पुष्कळसे लहान होते, कावळा, बगळा किंवा घार यांच्या मापाचे. ॲन्युरोग्नॅथस नावाच्या जातीच्या पंखांचा पसारा अर्ध्या मीटरच्या आतच होता. तोंड आखूड आणि रुंद, डोळे मोठे. संध्याकाळी आपल्याकडे रातवा पक्षी किडे टिपत फिरतो, तशी त्याची राहणी असावी असे शास्त्रज्ञांना वाटते. १९७१ मध्ये कझाकस्तानातल्या एका लहान टेरोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या अंगावर केसांसारखी लव होती, दगडात तिचे ठसे उमटले होते. म्हणजे हे जीव पालीसारखे गुळगुळीत आणि थंड नसावेत, ऊब राखून ठेवणारे असावेत.

लहान टेरोसॉरची सर्वांत चांगली हाडे ज्या जागी मिळाली, तिचे आपल्या वाचकांशी एक जुने नाते आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात सोल्नहोफेन नावाचे गाव आहे. तिथला चुनखडीचा दगड वहीच्या पानांसारखा थराथरांनी सुटतो. १८ व्या शतकाच्या अखेरीस सेनेफेल्डर याने शिळाछापाची युक्ती काढली ती याच दगडावर, आणि मग शिळाछापासाठी तो जगभर नावाजला. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईत नीट बसेना, म्हणून कातिबाने हाताने लिहायचे आणि ते दगडावरून छापायचे, अशी पद्धत आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक चालली. ज्या घरांत दादा-परदादांच्या जुन्या उर्दू किताबी अजून पेटीत आहेत, त्यांनी पाने उघडून पाहावीत. कातिबाच्या हाताचे वळण ओळखू येते. बोरघाट चढून गेले की लोणावळ्यापुढे मळवलीला राजा रविवर्मा यांचा जो छापखाना होता, तोही शिळाछापाचाच.

छपाईच्या शिळेवर डाग चालत नाही. म्हणून सोल्नहोफेनचे खाणकामगार एकेक लादी हाताने सोडवून निरखून पाहत. त्या निरखण्यातून मासे, कोळंब्या, चतुर आणि टेरोसॉर बाहेर आले. गंमत म्हणजे या लाद्यांवर आमच्या पाताळगंगेच्या दगडासारखी नेच्याची नक्षीही पुष्कळ आढळते. तीही वनस्पती नव्हे, खनिजाचीच करामत.

पण या लहान हाडांनी मोठमोठ्या विद्वानांनाही चकवले. कोलिनी याने १७८४ मध्ये पहिल्या टेरोसॉरचे वर्णन केले, तेव्हा त्याला तो समुद्रातला प्राणी असावा असे वाटले. पुढे फ्रान्सच्या क्युव्हिए याने तो उडणारा सरपटणारा प्राणी आहे हे ओळखले. तरी जर्मनीच्या झोमरिंगने त्याला वटवाघळाच्या जवळचा मानले. नंतरही एक चूक बराच काळ चालत राहिली. वेगवेगळ्या मापाचे सांगाडे मिळाले, तशा त्यांच्या वेगवेगळ्या जाती ठरवल्या गेल्या. लहान सांगाडा ही लहान जात, मोठा सांगाडा ही मोठी जात. ख्रिस बेनेट या अभ्यासकाने रॅम्फोरिंकस नावाच्या टेरोसॉरच्या हाडांची मापे घेतली आणि १९९५ मध्ये दाखवून दिले, की या जाती वेगळ्या नाहीत. एकाच जातीची लहान पिल्ले, वाढती पोरे आणि मोठे प्राणी आहेत. सकाळच्या परिपाठाला पाचवी ते दहावीच्या रांगा उभ्या असताना कुणी परक्याने पाहून 'इथे सहा प्रकारची माणसे आहेत' असे लिहून ठेवावे, तसे ते झाले होते.

मग पुढचा प्रश्न आला. सोल्नहोफेनला पिल्लेच इतकी का सापडतात? आणि पिल्लांची नाजूक हाडे अखंड, तर मोठ्या प्राण्यांचे बहुधा तुकडेच, असे उलटे का?

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दोन पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेरोडॅक्टिलसची ही पिल्ले अंड्यातून बाहेर येऊन काही दिवस किंवा आठवडेच झालेली. पंख पसरले तर पसारा २० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे आपल्या वितीएवढा. संशोधकांनी कौतुकाने त्यांची नावे 'लकी' आणि 'लकी दुसरा' अशी ठेवली. दोघांचेही दंडाचे हाड मोडलेले होते, एकाचे डावे, दुसऱ्याचे उजवे. मोड तिरपी आणि साफ. कशावर आदळून नव्हे, तर वाऱ्याच्या जोरदार झोताने पंख पिळवटून मोडावा तशी. संशोधकांनी त्यावरून असे मांडले, की वादळाने ही पिल्ले उडता उडता खाडीसारख्या उथळ पाण्यात पाडली, ती बुडाली, आणि त्याच वादळाने ढवळलेला चुन्याचा बारीक गाळ त्यांच्यावर बसला. मोठे, बळकट प्राणी अशा वादळातून बहुधा निभावून जात. ते नंतर कधी तरी मरत, पाण्यावर दिवसेंदिवस तरंगत, आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्यांचे तुकडे झालेले असत.

हे वाचताना आम्हाला २०२० चा जून आठवला. निसर्ग चक्रीवादळ रायगडवरून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घराबाहेर पडलो. मोठ्या चिंचेखाली बगळ्यांची पिल्ले पडली होती. पंख वाकडे, अंग चिखलाने माखलेले. मोठे बगळे मात्र झाडावर परतले होते. कुणी त्या दिवशी केवळ जमिनीकडे पाहून हिशेब लिहिला असता, तर त्याने लिहिले असते की या गावात बगळे फक्त लहानच असतात.

सोल्नहोफेनचा दगड म्हणजे तशीच एक यादी आहे. जगले किती, याची ती यादी नव्हे. वादळात पडले आणि गाळात झाकले गेले, तेवढ्यांचीच ती. आणि उडता उडताच पंख मोडला हे खरे असेल, तर वितीएवढी पिल्ले तेव्हाच उडू लागली होती, ही मोठी बातमीही त्या तिरप्या मोडीतूनच मिळाली.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या महाराष्ट्रात टेरोसॉर मिळाला आहे का?

राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावावरून तिथल्या ज्युरासिक थरांना 'कोटा' हे नाव मिळाले, आणि जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते गेले. गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्यांचा तो गाळ. इंग्रजांच्या काळापासून तिथे माशांचे जीवाश्म मिळत आले आहेत. हेच थर नदीपलीकडे आजच्या तेलंगणातही पसरलेले आहेत. तिथून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी बारापासॉरस हा प्रचंड डायनासोर काढला. त्याच्या मांडीचे हाड दीड मीटरहून लांब. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, त्यावरून हे नाव, आणि पुढे रवींद्रनाथ टागोर यांच्या स्मरणार्थ 'टागोराय' हे जोडनाव.

याच कोटा थरांतल्या एका छोट्याशा जबड्याच्या तुकड्यावरून सांख्यिकी संस्थेचेच एस. एल. जैन यांनी १९७४ मध्ये भारतातल्या ज्युरासिक टेरोसॉरचे वर्णन केले आणि त्याला 'कॅम्पिलोग्नॅथॉइडिस इंडिकस' असे नाव दिले. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो सारा मुलूख चंद्रपुरातच होता. बारापासॉरसची हाडे उचलायला माणसे लागावीत, आणि हा तुकडा चिमटीत मावावा.

ही गोष्ट इथेच थांबवून मुलाला 'हो, आपल्याकडे मिळालाय' असे सांगता आले असते. त्याला आनंद झाला असता. पण नंतरच्या अभ्यासकांनी त्या तुकड्याबद्दल शंका घेतली आहे. एवढ्याशा हाडावरून ती जात ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. जैन यांनी जे हाती आले ते लपवले नाही, मोजून-मापून छापले, म्हणूनच इतरांना ते पुन्हा तपासता आले. उद्या कोट्याच्या गाळात अनामिकेचे एखादे लांब हाड मिळाले, तर वाद मिटेल. तोवर वाक्य असे: कोट्याच्या थरांत टेरोसॉर असावा असा दावा झाला आहे, तो अजून पक्का नाही.

मुलाने हे सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, म्हणजे त्यांचीपण चिठ्ठी बदलावी लागली?"

"हो," आम्ही म्हणालो, "आणि त्यात कुणाची इज्जत गेली नाही."

घरोघरी हे रोज घडते. मूल काही विचारते, आणि आपल्याला ठाऊक नसले तरी आपण अम्मी आहोत, अब्बा आहोत, सर आहोत म्हणून ठोकून देतो. मूल ते खरे मानून चार लोकांत सांगते आणि खजील होते. 'ठाऊक नाही, आपण मिळून शोधू' असे म्हटल्याने आईबापाचा मान कमी होत नाही. शोध घ्यायला मूल तयार असतेच, थोडा वेळ आपण काढायचा असतो.

या वर्षीच्या प्रदर्शनात तो दगड पुन्हा ठेवला आहे. चिठ्ठी या खेपेस मुलाने स्वतः लिहिली आहे, दोन्ही भाषांत: 'पाताळगंगेतला दगड. नक्षी मँगनीजची आहे, पान नाही. मागच्या वर्षी आम्ही चुकीचे लिहिले होते.' 'आम्ही' हा शब्द त्याने आपणहून घातला. चूक आमची एकट्याची होती, हे आम्ही त्याला सांगून पाहिले. त्याने खोडायला नकार दिला.