विश्लेषण : मोबाइल बंद पडल्यावर महाड-पोलादपूरचा निरोप जाणार कसा?

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. 80 हून अधिक माणसे गेली. महाड शहर पुरात, वीज नाही, मोबाइल बंद. बचाव पथके गावात पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. निरोप लवकर गेला असता तर किती वाचले असते, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण या दोन तालुक्यांना मोबाइलवर न विसंबणारे छोटे बिनतारी केंद्र हवे, हे मात्र ठामपणे म्हणता येते.

डोंगरात रेडिओ चालतो का?

वॉकीटॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपले. त्यासाठी उंचावर रिपीटर बसवावा लागतो, म्हणजे वादळात सांभाळायला आणखी एक मनोरा! सैन्यदलांचा तोडगा जुना आहे, दुसऱ्या महायुद्धापासूनचा. साधी तार जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवी बांधायची आणि साधारण 3 ते 7 मेगाहर्ट्झवर बोलायचे. लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. डोंगर ओलांडायचा प्रश्नच उरत नाही. संच, तार आणि गाडीची बॅटरी एवढे पुरते. रात्री मात्र फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते, आणि ते जाणणारा माणूस लागतो.

हे आपल्याला नवे आहे का?

अजिबात नाही. भारतीय लष्कराचे सिग्नल दल 1911 पासूनचे. 1927 मध्ये घाटापलीकडे खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून शॉर्टवेव्हने थेट इंग्लंडशी तारांची देवाणघेवाण सुरू झाली. त्याही आधी, 1659 मध्ये, पोलादपूरच्या वर प्रतापगडावर तोफेचा आवाज हाच इशारा ठरला होता. तिथे 2021 मध्ये निरोप अडकावा?

मग सॅटेलाइट फोन?

जरूर असावा. पण त्याला परवानगी लागते, आकाश मोकळे लागते आणि तो एका वेळी एकाशीच बोलतो. रेडिओवरची हाक सगळी केंद्रे एकदम ऐकतात. भूजच्या 2001 च्या भूकंपात हौशी रेडिओचालकांनी हेच काम केले.

दोन्ही तहसील कार्यालयांत एकेक संच आणि दरडप्रवण गावांतले परवानाधारक तरुण, एवढ्यावर सुरुवात होईल. संच कपाटात ठेवायचा नाही. जून ते सप्टेंबर रोज सकाळी ठरल्या वेळी प्रत्येक गावाची हजेरी घ्यायची. ज्या गावाचे उत्तर आले नाही, तिकडे माणूस पाठवायचा.