रजबची पंधरा तारीख

अम्मीची निळी बॅग मक्केतल्या हॉटेलच्या लॉबीतून चोरीला गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. चोराचा राग केव्हाच गेला. उरला आहे तो विमा कंपनीच्या एका पानाच्या पत्राचा, आणि थोडा आपल्या लोकांचाही. ते पत्र ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांतल्या बहुतेकांनी एकच सांगितलं, "टीचर, जाने दो. अल्लाह के घर गए थे, सदका समझो."

सदका माणूस स्वतःच्या हाताने देतो. दुसऱ्याने उचलून नेली तर ती चोरीच, मग ती कुठेही होवो.

झालं असं. मिरजेहून आमचा पंचवीस जणांचा उमराहचा ग्रुप. अम्मी, धाकटा भाऊ आणि मी. मदिन्याला निघायच्या दिवशी टूरवाल्याने सांगितलं म्हणून सगळ्यांनी बॅगा लॉबीत एका जागी रचल्या. त्यांवर त्याच्याच हिरव्या पट्ट्या, शेजारी त्याचाच माणूस उभा, आणि आम्ही दहा-बारा पावलांवर सोफ्यावर. दुपारी तीनच्या सुमारास बस भरली. रात्री नऊला मदिन्यात सामान उतरवलं तेव्हा निळी बॅग नव्हती. मक्केच्या हॉटेलला फोन केला. कॅमेऱ्यात कुणी अनोळखी माणूस ती घेऊन जाताना दिसला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भावाने पोलिसांत लेखी तक्रार दिली. बॅगेत नवे कपडे, शाली, नातवंडांसाठी घेतलेलं किडुकमिडुक, आणि बसमध्ये झोप लागावी म्हणून अम्मीने काढून ठेवलेलं ऐकण्याचं यंत्र. सगळं मिळून 31,500 रुपयांचं.

विमा जायज की नाजायज हा वाद इथे काढत नाही. पैसे भरले होते, पावती होती.

कंपनीने दावा नाकारला तो दोन कारणांनी. एक, बॅग 'अन्अटेंडेड' होती. दोन, चोरीनंतर 24 तासांच्या आत पोलिसांत तक्रार नाही. दुसरं कारण वाचून मी चक्रावलेच. दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा, एकोणीस तास होतात. ही पाचवीची वजाबाकी.

उत्तर सापडायला मला चार दिवस लागले, आणि ते आमच्याच फाइलमध्ये होतं. पोलिसांचा कागद अरबीत. (आम्ही उर्दूवाले अरबी अक्षरं फडाफडा वाचतो, म्हणजे अरबी कळते असं नाही.) कंपनीला इंग्रजी भाषांतर हवं होतं, म्हणून मुंबईच्या एका भाषांतरवाल्याकडून पैसे देऊन, शिक्क्यासह करून घेतलं. मूळ कागदावर तारीख होती 15 रजब. भाषांतरवाल्याने तिच्यापुढे इंग्रजी तारीख घातली, ती आपल्याकडच्या कॅलेंडरवरून. आणि सौदीची चांद्र तारीख आपल्यापेक्षा बहुतेक वेळा एक दिवस पुढे असते, हे घराघरातल्या पोरांना ठाऊक आहे. तिकडे ईद झाली की इकडे आपण शेवटचा रोजा धरून बसलेले असतो. तिकडची 15 रजब आपल्या कॅलेंडरवर शोधली, की इंग्रजी तारीख एका दिवसाने पुढे जाते. एकोणीस तासांचे त्रेचाळीस झाले ते असे.

म्हणजे चूक आमच्याच कागदात होती. पण त्याच कागदात पोलिसांनी 'काल दुपारी चोरी झाली' असंही लिहिलं होतं, आणि भाषांतरात ते बरोबर उतरलं होतं. दोन ओळी शेजारी ठेवून कुणी वाचल्या असत्या, तर नकार लिहिण्याआधी एक फोन आला असता. कुणी वाचल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की नकाराचं पत्र हा निकाल नसतो, ते समोरच्याचं म्हणणं असतं. आपण मात्र इंग्रजीत छापलेलं लेटरहेड पाहिलं की हात जोडतो. नाही तर टूरवाल्याच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करतो, ज्याचा विम्याशी काही संबंध नसतो. मी नववीला पत्रलेखन शिकवते. मुलांना सांगते, तक्रारीत रडगाणं नको, मुद्दा लिहा. तेच केलं. अम्मीचं वय, तिचं दुःख, पवित्र प्रवास, सगळं गाळलं. पॉलिसी अम्मीच्या नावावर, म्हणून सही अम्मीची, लिहिणं माझं. त्यांच्या दोन कारणांना दोन उत्तरं. तारखेसाठी सौदीच्या सरकारी कॅलेंडरचं पान आणि आमच्या बसची पावती. 'अन्अटेंडेड'साठी एकच प्रश्न: या शब्दाची व्याख्या तुमच्या पॉलिसीत कुठे आहे? कुठेच नव्हती. आणि पॉलिसीतला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं आहे.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तारीख मान्य केली, पण 'अन्अटेंडेड' सोडेना. मग विमा लोकपाल. आमच्या भागाचं कार्यालय पुण्याला. ही व्यवस्था आपल्यात फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सांगते. फी नाही. वकील चालतच नाही, म्हणजे कंपनीही वकील आणू शकत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. तिने ती फेटाळली, तिचं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. निर्णय कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग उघडा असतो.

सुनावणी मोबाइलवर झाली. लोकपालांनी विचारलं, बॅग तुमच्यापासून किती लांब होती? अम्मीला ऐकू आलं नाही. मी कानाशी ओरडून सांगितलं. तिने खोलीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं, "वो अलमारी जितनी दूर. सामनेच थी." कंपनीची मुलगी यावर काही बोलली नाही.

दावा मंजूर झाला, पण पूर्ण नाही. ऐकण्याचं यंत्र, चष्मा, दातांची कवळी यांना भरपाई नाही, असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यावर मी भांडले नाही. ते वाचणं माझं काम होतं, विकत घेण्याआधी. ज्या वस्तूंची बिलं नव्हती त्याही गेल्या. मिळाले 9,200.

एक भांडण मात्र बाकी ठेवलंय. ही पॉलिसी विकताना फोनवरचा माणूस आमच्याशी छान मराठीत बोलला होता. उर्दूही बोलला असता. मग नाकारताना इंग्रजी का? ज्या भाषेत पैसे मागता त्या भाषेत नकाराचं कारण द्यायला काय हरकत आहे? आमच्या ग्रुपमधल्या पंचवीसपैकी ते पत्र स्वतः वाचू शकले असते असे चौघं-पाचजण. हे मी विमा नियामकाला मराठीतच लिहून पाठवलं आहे.

पैसे खात्यात आले त्या दिवशी अम्मी जुनं, शीळ घालणारं यंत्र लावून बसली होती. "कितना आया?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हात कानामागे नेला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"बस?" ती म्हणाली, आणि भाषांतरवाल्याला किती दिले होते ते विचारलं.