यू मुंबा, पोरं टिकवा!

शिळफाट्यावर कबड्डीचा विषय निघाला की गाडी यू मुंबावर येतेच. २०१५ ला अनुप कुमारच्या कप्तानीत प्रो कबड्डी जिंकलो, त्यानंतर कप नाही. सगळे खेळाडूंना शिव्या घालतात. मी म्हणतो, आधी मॅनेजमेंटला विचारा. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईने २०१८ ला पहिल्याच सीझनमध्ये रेडचे २०० च्या वर पॉइंट काढले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखाला उचलला, आपण बघत बसलो. पैसे वाचले म्हणाल, पण दरवर्षी नवी टीम बांधून कव्हर-कॉर्नरची जोडी जमते का? आपल्या रायगडात गावोगाव पोरं मातीत घाम गाळतायत. घ्या, घडवा आणि टिकवा! काय म्हणता मंडळी?