आधी मायनस, मग प्लस

सुट्टीत घरच्या गाडीची बॅटरी बदलायची असेल, तर कॅडेटने ती मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः बदलावी, असे माझे मत आहे. मात्र कामाचा क्रम नुसता पाठ नको. त्यामागचे कारणही कळायला हवे.

12 व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून अनेकजण बेफिकीर असतात. पण शॉर्टसर्किट झाले तर याच बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात. गाडीचा सांगाडा मायनसला जोडलेला असतो. प्लस आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघालेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. म्हणून इंजिन बंद करून, अंगठी-कडे उतरवून आधी मायनस सोडवायचा, मग प्लस. नवी बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस. आत आम्ल असते. हातमोजे आणि चष्मा घालून बॅटरी सरळच उचलावी. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी, कारण तिच्यातले शिसे विषारी असते.

परेड ग्राउंडवर उस्तादांचा हुकूम ऐकताच पाळायचा, हे योग्यच. घरी मात्र हुकूम द्यायला उस्ताद नसतात. तिथे कारण माहीत असलेला कॅडेटच घाईतही क्रम चुकवणार नाही.