जुन्या ट्रॅक्टरचे मोल

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत छोट्या ट्रॅक्टरचे तास झपाट्याने भरतात. अरुंद ओळींतून फवारणीयंत्र ओढण्याचे काम त्याच्याच वाट्याला येते. तरीही त्याची फेरविक्रीची किंमत बहुधा नोंदणीचे वर्ष, नवा रंग आणि दलालाचा शब्द यांवरच ठरते. तासमापक बंद ठेवता येतो. रंगाने क्लचची झीज भरून निघत नाही, की नोंदणीपुस्तकावरील बँकेचा बोजा उतरत नाही. यात नाडला जातो तो नवा ट्रॅक्टर न परवडणारा अल्पभूधारक. दात पाहिल्यावाचून बैलाचा सौदा न करणाऱ्या या शेतकऱ्याला यंत्राची पारख करून देणारा निःपक्षपाती जाणकार नको काय? गुरांचे बाजार भरविणाऱ्या बाजार समित्यांनी माफक शुल्कात तपासणीची व लेखी मूल्यांकनाची सोय करावी. तोवर हा व्यवहार जुगारच राहील.