‘लक्षणीय नाही’ या शेऱ्याविषयी

माण व आटपाडी तालुक्यांतून अंगावरून वारे गेलेला रुग्ण साताऱ्यास, कराडास वा मिरजेस पोहोचतो आणि मेंदूचे चित्रण, हृदयाचा आलेख, मानेतील धमन्यांचे डॉपलर हे सर्व सोपस्कार पार पडूनही आघाताचे मूळ हाती लागत नाही, तेव्हा ‘कारण अज्ञात’ असे लिहून प्रकरण दप्तरदाखल करण्याची जी रीत आपल्यांत रूढ झाली आहे, तिचा फेरविचार व्हावा असे आम्हांस वाटते. रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या आघातांपैकी सुमारे चतुर्थांश याच सदरात जमा होतात. आणि त्यांतील कित्येकांच्या अहवालात, मेंदूच्या ज्या अर्ध्या भागात इजा झाली त्याच बाजूच्या मानेतील कॅरोटिड धमनीत मेदाचा थर असल्याची नोंद असते, पण तिच्यापुढे ‘अरुंदपणा लक्षणीय नाही’ हा शेरा पडल्यामुळे पुढे कोणी वाचत नाही.

ही लक्षणीयता मुक्रर झाली ती निराळ्याच प्रश्नाच्या संदर्भात. उत्तर अमेरिकेतील नॅसेट परीक्षणाने १९९१ साली असे सिद्ध केले की, लक्षणे दिसलेल्या रुग्णाची धमनी ७० टक्के वा अधिक अरुंद असल्यास ती शस्त्रक्रियेने साफ करणे हितावह ठरते. आघातांची कारणांनुसार विभागणी करणाऱ्या १९९३ च्या टोस्ट वर्गीकरणाने मोठ्या धमनीला कारण मानण्यासाठी ५० टक्क्यांची मर्यादा घातली. आणि सुरी केव्हा उचलावी याचे जे माप होते, तेच हळूहळू दोष कोणाचा हे ठरविण्याचेही माप होऊन बसले. वस्तुतः थर वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाने विस्तारते, हे ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांत दाखविलेच होते. रक्ताची वाट अशी पुरेशी रुंद दिसत असतानाच भिंतीत मेदाचा साठा होतो, त्यात रक्तस्राव होतो, वरचे पातळ आवरण फाटते आणि तेथे जमलेली गुठळी सुटून मेंदूत जाऊन अडकते.

जर्मनीतील कॅपियास अभ्यासाने २०२० साली अशाच अज्ञातकारण आघाताच्या रुग्णांच्या मानेचे एमआरआय चित्रण तपासले, तेव्हा रक्तस्राव, फाटलेले आवरण वा गुठळी असलेला थर आघाताच्या बाजूस ३१ टक्क्यांत, तर विरुद्ध बाजूस १२ टक्क्यांत आढळला. वय, रक्तदाब, तंबाखू ही दोन्ही बाजूंस समान. तरीही हा फरक, म्हणून पुरावा वजनदार. मात्र ते १२ टक्केही विसरता येत नाहीत, कारण थर जागेवर सापडला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही, आणि खरे मूळ असू शकणारी, अधूनमधून उद्भवणारी हृदयाची अनियमित लय दीर्घ नोंदीवाचून निसटते.

यावरून कोणी रक्त पातळ करणाऱ्या तीव्र औषधांकडे धाव घेऊ नये. २०१८ च्या नॅव्हिगेट परीक्षणात, मूळ न सापडलेल्या आघातानंतर रिव्हारोक्साबानने ॲस्पिरिनपेक्षा पुनराघात कमी केले नाहीत. मोठे रक्तस्राव मात्र वाढविले. ५० टक्क्यांच्या आतील धमनीवर शस्त्रक्रियेचाही लाभ नॅसेटमध्ये दिसला नव्हता. उरतात ती ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाचा चोख बंदोबस्त आणि तंबाखूबंदी. आणि या शेवटच्या कलमात बायकांच्या मशेरीची चौकशी करण्याचा संकोच आपण अजून सोडलेला नाही!

एमआरआय प्रत्येकास परवडणार नाही हे उघड आहे. सोनोग्राफीचे यंत्रही, गर्भलिंगनिदान-प्रतिबंधाच्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रातच सहसा वापरावयाचे असल्याने, रुग्णाच्या गावी सहजासहजी नेता येत नाही. पण जे डॉपलर होतेच, त्यात टक्केवारीखेरीज थराची बाजू, जाडी, पृष्ठभाग गुळगुळीत की व्रणयुक्त, आणि पडद्यावर तो काळसर दिसतो की चुन्याने चकाकतो, एवढा तपशील लिहिण्यास जादा खर्च येत नाही. तोच तपशील घरी सोडतानाच्या कागदावरही उतरावा. कारण या मुलखातील कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त परप्रांती असतात, आणि पुढचा झटका तिकडे आला तर तेथील वैद्यापुढे तेवढा एक कागद असणार.