शिक्का कापडाला, विष मजुराला

यवतमाळ शहराला लागून लोहारा आहे. तिथल्या एमआयडीसीत डेनिमचे कापड तयार होते आणि जिल्ह्याच्या शिवारात कापूस पिकतो. पण दुकानात कापड हाती घेणाऱ्या ग्राहकाला कंपनीचे नाव दिसते, भाव दिसतो, वावर दिसत नाही. पाठीवर पंप घेऊन वावरात फिरणारा मजूर तर मुळीच दिसत नाही. तो दिसावा यासाठी सरकारच्या हाती एक साधन आहे. चळवळीने त्याकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या साधनाचे नाव इकोमार्क. केंद्र सरकारने फेब्रुवारी 1991 मध्ये ही योजना आणली. रोजच्या वापरातील ज्या वस्तू पर्यावरणाला कमी घातक आहेत, त्यांना सरकारी शिक्का द्यायचा आणि ग्राहकाने तो पाहून खरेदी करायची, अशी ती कल्पना. यादीत साबण, कागद, रंग, बॅटरी यांच्याबरोबर कापड आणि चामडेही होते. चिन्ह निवडले मडक्याचे. ज्या समाजाच्या गळ्यात पेशवाईने मडके अडकवले, त्याला मडक्याचा अर्थ कोणी शिकवायला नको. मातीचे मडके निर्मळच असते. प्रश्न ते कोणाच्या गळ्यात आहे, हा असतो.

ही योजना कागदावरच राहिली. शिक्का ऐच्छिक होता, उद्योगपतींनी पाठ फिरवली आणि ग्राहकाला तो ठाऊकच झाला नाही. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने जुनी योजना बाजूला सारून नवे इकोमार्क नियम जाहीर केले. अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आली. प्रदूषण कमी व्हावे, वस्तूचा पुनर्वापर व्हावा, घातक पदार्थ टळावेत, हे त्यातील निकष. ते चांगले आहेत, आमचा त्यांना विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की या निकषांत माणूस कुठे आहे?

2017 सालच्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. कपाशी उंच वाढली होती, उकाडा होता, अंगात साधा सदरा आणि तोंडाला रुमाल. हातमोजे, मुखवटा कोणी दिला नव्हता. अशा वावरातल्या कापसाचे कापड पुढे स्वच्छ पाण्यात धुतले, निर्धोक रंगात रंगवले आणि त्यावर शिक्का मारला, तर तो शिक्का खरा म्हणायचा का? 1991 च्या योजनेतच वस्तूचा विचार कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत करावा, असे म्हटले होते. मग कच्च्या मालापाशी उभा असलेला मजूर हिशेबातून का वगळला?

यावर साहेब लोक सांगतील, की हा शिक्का पर्यावरणाचा आहे, मजुरांसाठी कामगार कायदे आहेत. वकील म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगितले. कामाची परिस्थिती न्याय्य व मानवी असावी, हे कलम 42 सांगते. शिवाय शिक्का ऐच्छिक आहे. तो मिळणे हा कोणाचा हक्क नाही. म्हणूनच तो देताना अटी घालायला सरकार मोकळे आहे. युरोपीय संघाने 2014 साली कापडाच्या शिक्क्यासाठी जे निकष ठरवले, त्यांत कापसावरील कीटकनाशकांवर बंधने आणि कामगारांचे मूलभूत हक्क दोन्ही होते. तिकडे जमते ते इथे का जमू नये?

दुसरी सबब अशी, की जिनिंगमध्ये सगळ्यांचा कापूस एक होतो, मग वावर शोधायचे कसे? पण सरकारने 2020 मध्ये ‘कस्तुरी’ नावाने भारतीय कापसाची जी ओळख जाहीर केली, तिच्यात गाठींचा माग क्यूआर कोडवर ठेवण्याची सोय केली आहे. धाग्याच्या लांबीचा माग निघतो, तर फवारणीचाही काढता येईल. प्रश्न यंत्राचा नाही, नियतीचा आहे.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, कापडाच्या निकषांत फवारणीचे विष, संरक्षक साहित्य आणि मजुरांची आरोग्य तपासणी यांचा समावेश करा. पडताळणी करणाऱ्याने कंपनीच्या कागदांवर न थांबता मजुरांचे जबाब घ्यावेत. दोन, पडताळणीचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्याची पाळी येऊ देऊ नका. तीन, बचत गट आणि छोटे चर्मोद्योजक यांच्या मालाच्या तपासणीचा खर्च सरकारने सोसावा, नाहीतर शिक्का फक्त भांडवलदाराला परवडेल. कोणाला जातीच्या धंद्यात डांबण्यासाठी आम्ही हे मागत नाही. जो स्वेच्छेने उद्योग करतो, त्याला बाजारात समान दार हवे. चार, समाजकल्याण वसतिगृहांच्या चादरींपासून सरकारी गणवेशांपर्यंत खरेदीत असा शिक्का असलेल्या मालाला प्राधान्य द्या. मागणी निर्माण झाल्याशिवाय उद्योगपती हलणार नाहीत.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. सम्यक आजीविका म्हणजे माझी भाकरी दुसऱ्याच्या जिवावर नको. विकणाऱ्याला हे जेवढे लागू, तेवढेच विकत घेणाऱ्यालाही. 14 ऑक्टोबरला नवे पांढरे कपडे घेताना त्या कापसावर कोणी फवारणी केली, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.

म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या विहारात या विषयावर एक बैठक घ्यावी, फवारणी करणाऱ्या मजुरांना बोलते करावे आणि या चार मागण्यांचे निवेदन तहसीलदारांमार्फत पर्यावरण मंत्रालयाला पाठवावे. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये. शिक्का सरकारचा असला, तरी त्याची किंमत आपल्या माणसांनी मोजलेली आहे.

जयभीम!